वरचीशी भांडण

आभाळ कसं आहे असं त्यांनी विचारलं, की 'बरं आहे' म्हणून सुटायची सोय नव्हती.

"बरं म्हणजे काय, शेठ? बरं तर माझ्या गुडघ्याचं मलमही आहे. रंग सांगा."

सकाळची वेळ. दुकानात गिऱ्हाईक उभं, मी गुळाच्या ढेपेशी झटतोय, आणि हे पायरीवर बसून मला आभाळाचा रंग विचारतायत. डोकं फिरायचं माझं. पण उत्तर दिल्याशिवाय हा माणूस पायरीवरून हलणार नाही हे ठाऊक असायचं, म्हणून मान बाहेर काढून काहीतरी ठोकून द्यायचो. "ताकाच्या निवळीसारखं हाये सर."

"वा! निवळी!" त्यांचा चेहरा फुलायचा. "म्हणजे वर नितळ आणि खाली जड. अगदी तसंच आहे."

मग ते समाधानाने उठायचे आणि गिऱ्हाईक मला विचारायचं, "हे काय आता?" मी म्हणायचो, "भाडेकरू हायेत आमचे. अभाळाचे मास्तर."

माझ्या आईने मात्र ते इथे होते तोवर त्यांना कधी दाद दिली नाही. ती खाली अंगणात तांदूळ निवडत असायची आणि सर जिन्यावरून विचारायचे, "ताई, आज कसं?" आई वर न बघता म्हणायची, "अभाळ अभाळासारखं हाये. आनखी कसं राहीन?" ते हसून वर जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटतं त्यांना ते उत्तरही आवडत असावं.

आमचं गाव जैनथच्या अलीकडे, पैनगंगेच्या अंगाला, मराठी-तेलुगू मुलखांच्या शिवेवर. पुढे दुकान, मागे घर, घराच्या अर्ध्या भागावर स्लॅब आणि त्या स्लॅबवर एक खोली. स्वयंपाकघर मात्र जुनंच, टिनाचं. सर ती वरची खोली बघायला आले तेव्हा त्यांनी खोलीत डोकावूनही पाहिलं नाही. स्लॅबच्या मधोमध उभं राहून स्वतःभोवती गोल फिरले, चारही बाजूंनी काही आडवं येत नाही ना ते पाहिलं आणि म्हणाले, "मला आभाळ भाड्याने हवं होतं. बरोबर खोली येते आहे, ती चालेल." आई माझ्या कानाशी पुटपुटली, "जरासे सरकेल दिसतात." मलाही तसंच वाटलं. पण माणूस निर्मळ होता, ते पहिल्याच दिवशी कळत होतं.

कुठल्याशा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते मोकळे झाले होते. लग्न केलेलं नव्हतं. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने त्यांच्याकडे एक यंत्र सोपवलं होतं. यंत्र म्हणजे तिकाटण्यावरची एक काळी नळी, तिच्या तोंडाला काचेचा डोळा आणि त्या डोळ्यावर झाकण. झाकण काढायचं, नळी सूर्याकडे रोखायची, की मधल्या हवेत धूळ-धूर किती आहे तो आकडा उमटायचा. हे का करायचं, तर वरून रोज एक उपग्रह जायचा, दुपार व्हायच्या जरा आधी. तोही आमच्या हवेतली धूळ वरून मोजायचा. त्याने मोजलेलं खरं की खोटं हे खालून ताडून पाहणं, एवढंच सरांचं काम.

मी म्हटलं, "एवढा मोठा उपग्रह चुकते काऊन मग?"

त्यांनी माझ्या दुकानातली साखरेची बरणी उचलून समोर धरली. "साखर मळकी दिसतेय ना? आता मला सांगा, मळ साखरेत आहे की काचेवर?"

मी म्हटलं, "माझी साखर चांगली हाये." रागच आला मला.

"तेच तर! वरून बघणाऱ्याला ते कळत नाही. समुद्रावर सोपं असतं, खाली सगळं काळंशार पाणी. त्यावर जे पांढुरकं दिसेल ती धूळ. पण जमीन? तुमची जमीन पावसात काळी, हिवाळ्यात राखी, कापूस फुटला की पांढरी आणि पऱ्हाटी जाळली की पुन्हा काळी. आधी जमिनीचा रंग वजा करायचा, मग उरेल तो धूर. वजाबाकी जरा चुकली की संपलं."

तेव्हापासून ती बरणी मी रोज पुसतो.

उपग्रहाला गावात 'वरची' हे नाव पडलं. पाडलं मीच. झालं असं, की सर तिच्या वेळेआधी कधी जेवायचे नाहीत. आई भाकरी झाकून ठेवायची आणि ते स्लॅबवर बारदान अंथरून त्यावर उताणे पडलेले असायचे. अंगठ्याने सूर्य झाकायचा आणि अंगठ्याभोवतीचं आभाळ किती पांढरं दिसतं ते बघत राहायचं, ही त्यांची आवड. एकदा मी खालून ओरडलो, "सर, वरची येऊन गेली का? भाकर वाळून राह्यली!" शेजारच्या बाया फिसकन हसल्या. सरही हसले. म्हणाले, "येऊन गेली, शेठ. नेहमीसारखीच. न बोलता." त्या दिवसापासून सगळं गाव त्यांना विचारायचं. वरची आली का, वरची रुसली का. ढग आले की म्हणायचे, आज वरचीनं पदर घेतला. पन्नाशी उलटलेला ब्रह्मचारी माणूस, पण या चेष्टेने कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्यांच्या.

तेलुगू गिऱ्हाइकं त्यांना मब्बू सारू म्हणायची. मब्बू म्हणजे ढग. नाव ठेवणाऱ्याला काय ठाऊक, की जगात या माणसाला नकोशी असलेली एकच गोष्ट म्हणजे ढग! ढग आला की वरचीला खालचं दिसत नाही आणि यंत्राला वरचं. तरी त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. "ढगाच्या नावाने का होईना, लोक वर तर बघतात," म्हणायचे.

चालताना ते वर बघायचे, हा मात्र वैताग होता. एकदा बाजाराच्या दिवशी थेट वांग्यांच्या ढिगात पाय. वांगेवाली ती काय सोडते! तिने त्यांचा उद्धार सुरू केला. सर पाय वांग्यांतच ठेवून शांतपणे म्हणाले, "बाई, चुकलं. पण आज आभाळ बघितलंत? कसं वाटतंय?" ती खवळून म्हणाली, "तुमच्या टाळक्यावानी! रिकामं!" सर आनंदले. "रिकामं! किती नेमका शब्द. आज खरंच वर काही नाहीये." त्यांनी ती सगळी चेंदलेली वांगी विकत घेतली आणि आमच्याकडे पुढे भरिताचं राज्य सुरू झालं. त्या दिवसानंतर ते जवळ यायच्या आधीच वांगेवाली ओरडायची, "सारू आले, वांगे सरकवा!"

आता भांडणाकडे येतो. कारण सरांचं त्या वरचीशी भांडण होतं, आणि ते वाढत गेलं त्याला कारण माझी आई.

आईला खोकला. जुना. हिवाळा लागला की वाढायचा, सकाळी सगळ्यात जास्त. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे तसा सुखाचा. पऱ्हाटीवर कापूस फुटलेला असतो, सकाळी शेतावर दुधाळ थर तरंगत असतो, वाटेने जाणारी बैलगाडी त्यात अर्धीच दिसते, नुसती बैलांची शिंगं आणि हाकणाऱ्याचं मुंडासं. दक्षिणेकडे डोंगरांच्या तीन ओळी आहेत, एकामागे एक. त्या दिवसांत मागची दिसत नाही, मधली असल्यासारखी वाटते. सर ते तासन्‌तास बघत राहायचे. मीही कधीकधी दुकान बायकोवर टाकून वर जायचो आणि त्यांच्या शेजारी बारदानावर पडायचो. ऊन अंगावर, खाली कुठेतरी कुणी गाणं म्हणतंय, आणि डोळे मिटले तरी आत तोच पांढुरका उजेड. डोळा केव्हा लागायचा कळायचं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात निवांत झोप त्या बारदानावरची.

अशात खालून आईची ढास ऐकू यायची. सर उठून बसायचे. नळीकडे बघायचे, मग वर. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायचा, खराखुरा राग, जसा माणसावर येतो.

"तिला हे दिसत नाही, शेठ," ते म्हणायचे. "तिच्या हिशेबाने तुमची हवा चांगली आहे. माझं यंत्र सांगतंय धूर आहे, भरपूर आहे. ती म्हणते नाही. कापूस फुटल्यावर जमीन पांढरी होते ना, ते पांढरेपण वजा करताना ही तुमचा धूरही वजा करतेय. आणि इथे ताई खोकतायत."

त्या हिवाळ्यात त्यांचा आकडा रोज वरचीच्या आकड्याहून जास्त येत होता. आदल्या वर्षी असं नव्हतं. पण त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. हैदराबादच्या साहेबांना फोनवर सांगताना त्यांचा आवाज चढायचा. साहेबांचं म्हणणं, बाकी सगळ्या ठिकाणी वरचीचं बरोबर येतंय, तुमच्याच गावी कसं चुकतं? सर म्हणायचे, "कारण तिला काळी जमीन आणि पांढरा कापूस कळत नाही!" शेवटी साहेब नमले. संक्रांतीनंतर स्वतः येतो म्हणाले. सरांचं म्हणणं खरं निघालं, तर या मुलखापुरती वरचीची वजाबाकी बदलायची, असं ठरलं.

सर त्या दिवशी दुकानात आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बरणीतलं पेपरमिंट काढून तोंडात टाकलं. असं ते कधी करायचे नाहीत. "आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं, शेठ," ते म्हणाले. "एवढी एक गोष्ट माझी असेल. लहानशीच. पण ताईंचा खोकला कुणालातरी वरून दिसेल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आमच्या आईच्या खोकल्यासाठी आभाळाशी भांडणारा माणूस कुठे भेटतो?

गावात मात्र धास्ती पसरली. पऱ्हाटी जाळणारे दोघे-तिघे संध्याकाळी येऊन पायरीवर बसले. एकाने दबक्या आवाजात विचारलं, "सारू, वरून आमच्या शेताचा रकबा दिसते का? नाव-गिव लागते का तहसीलीत?"

सर म्हणाले, "तिला तुमचं नाव कळत नाही. तुमचा धूरही कळत नाही. तेच तर माझं भांडण आहे."

"मंग भांडू नका ना बाप्पा," तो म्हणाला, आणि सगळे हसले. सरही.

साहेब यायला थोडे दिवस उरले असताना एक दिवस उत्तरेचा वारा सुटला. रात्रभर वाहिला आणि सकाळी आभाळ असं निघालं, की मीसुद्धा न विचारता बाहेर येऊन बघत उभा राहिलो. डोंगरांच्या तिन्ही ओळी दिसत होत्या. मागच्या ओळीवरची झाडंसुद्धा वेगळी ओळखू येत होती. त्या दिवशी सर वरची येऊन गेली तरी जेवायला उतरले नाहीत. मी हाका मारून दमलो आणि शेवटी चिडूनच वर गेलो. ते बारदानावर बसले होते, डोंगरांकडे तोंड करून.

"शेठ, ती तिसरी ओळ दिसतेय ना तुम्हाला?"

"झाडं मोजून देऊ का?" मी म्हटलं.

"आणि हे यंत्र म्हणतंय धूर आहे." ते हळू बोलत होते, झोपेत बोलल्यासारखे. "सकाळी कमी सांगत होतं. सूर्य माथ्यावर आला तसा धूर वाढला म्हणतंय. आभाळ असं करत नाही, शेठ. दुपारी रोज वाढायचं आणि उन्हाबरोबर उतरायचं, असं धूर नाही करत. मी इतके महिने हेच बघतोय आणि मला दिसत नव्हतं. मला बघायचंच नव्हतं."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं. सकाळी सूर्य तिरपा असतो, किरण खूप जाड हवेतून येतो, तेव्हा यंत्राचीच काही खोट असली तर ती त्या भाऱ्यात लपून जाते. सूर्य माथ्यावर आला की हवेचा थर पातळ, मग ती खोट उघडी पडते. "बरणी, शेठ," ते म्हणाले. "मळ साखरेत नाही."

आता हे ऐका. त्या डोळ्याच्या काचेला कापड लावायचं नाही, असा प्रयोगशाळेचा नियम. रबरी फुग्याने हवा मारायची, बस. सरांनी तो नियम देवाच्या सोवळ्यासारखा पाळला होता. त्या दुपारी पहिल्यांदाच ते यंत्र खाली दुकानात घेऊन आले, काउंटरवर ठेवलं आणि मला म्हणाले, "थोडा कापूस द्या. अगदी नवा, बोंडातून काढलेला." आमच्या परसात चार झाडं पऱ्हाटीची होती, वातींसाठी आईने लावलेली. मी बोंड आणलं. त्यांनी सरकी काढली, कापसाचा बोळा केला आणि काचेवरून एकदाच हलक्या हाताने फिरवला.

बोळा पिवळा झाला.

त्यांनी तो नाकाशी नेला. मग माझ्या हातात दिला. मीही वास घेतला. हळद, आणि तिला जरासा तेलाचा वास.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दसरा! दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. माझा काटा, गूळ तोडायची सुरी, नांगर, बायकोची शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. सर त्या दिवशी बहिणीकडे गेले होते. आणि आई ताट घेऊन वर गेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. निरांजन लावलेल्या बोटांनीच तिने यंत्राच्या डोळ्याला हळदीचं बोट लावलं असणार, वर कुंकू टेकवलं असणार, आणि मग सरांना आवडेल न आवडेल म्हणून पदराने पुसून झाकण लावून टाकलं असणार. पुसलं गेलं ते कुंकू. हळद पसरली. त्यावर सर रोज फुगा मारत राहिले, नियमाप्रमाणे.

आत आईचा भाकरी थापायचा आवाज येत होता. मी तोंड उघडलं, तर सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"निळ्या रंगात सगळ्यात जास्त चूक येत होती," ते पुटपुटले. "हळद निळं खाते. किती सोपं होतं."

मी दुकानदार माणूस. मी लगेच रस्ता काढला. "सर, आता पुसली ना? मंग झालं. साहेब येतीन, नवीन आकडे पाहतीन, जुन्याचं जुनं. कोणाले काय समजून राह्यलं?"

त्यांनी यंत्रावर झाकण लावलं. रागावले नाहीत. "आख्खा हिवाळा मी तिला खोटं म्हटलं, शेठ. सगळ्यांसमोर. खोटा मी होतो. आता तिला काय तोंड दाखवू?"

तिथेच, माझ्या काउंटरजवळ उभं राहून त्यांनी साहेबांना फोन लावला. दोनच वाक्यं बोलले. काच मळली होती, निष्काळजीपणा माझा. दसऱ्यापासूनचं सगळं काढून टाका. पलीकडून साहेब बराच वेळ बोलत होते. सर "हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मी तडकलो. "तुमचा काऊन निष्काळजीपणा? खरं सांगायचं होतं ना!"

"खरंच सांगितलं. काच माझी आहे. आणि ताईंच्या कानावर हे जाता कामा नये. त्यांनी माझ्या यंत्राला देवाइतकं मानलं. मला पगार देणाऱ्यांनीही मानलं नाही तेवढं."

बोळा माझ्या हातून घेऊन त्यांनी खाली टाकला आणि ते वर निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईने दोनदा विचारलं, मी सांगितलं, पोट बरं नाही त्यांचं. तिने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वरचीच्या वेळेला मी सवयीने वर पाहिलं, तर स्लॅब रिकामा. बारदान गुंडाळलेलं. खोलीतही नाहीत. मी घाबरलो, उगाच खोटं का बोलू. घरात धावलो, तर सर स्वयंपाकघरात. एवढ्या दिवसांत या माणसाने आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. ताट बाहेर यायचं, ते बाहेर जेवायचे. आणि आज चुलीपाशी पाटावर बसले होते, आई भाकरी शेकत होती.

आमच्याकडे गॅस आहे. चहा त्यावर होतो. पण भाकरी चुलीवरची लागते, मलाच लागते, आणि चुलीत पऱ्हाटी. टिनाला एक भोक होतं. त्यातून ऊन आत यायचं आणि धुरामुळे तो कवडसा खांबासारखा उभा दिसायचा, निळसर, आत धूर हळूहळू वळतोय. लहानपणी मी त्या खांबाला धरायला जायचो. सर त्या कवडशात हात धरून बसले होते. तळवा वर, तळव्यावर उन्हाचा रुपया. डोळे पाणावलेले, ते धुराने की कशाने कोण सांगणार.

"किती सुंदर आहे हो हे," ते म्हणाले. मग आईला ढास लागली आणि त्यांनी हात मिटला. "शेठ, मी दोन वर्षं वर बघत बसलो. तिचं बरोबर होतं. वर तेवढा धूर नाहीच. तो इथे आहे. इथलं तिला कसं दिसणार? छपराखालचं तिला नाही दिसत. मला दिसायला हवं होतं. मी तर खालीच राहत होतो."

आई म्हणाली, "सर, वरची निघून जाईन ना. वर जा."

"जाऊ दे आज तिला," सर म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी जैनथहून माणूस आणला, टिनाचा एक पत्रा उचलून घेतला, चुलीवर धुराडं बसवलं. स्वतः शिडीवर उभे राहून त्याला सांगत होते आणि तो त्यांच्यावर वैतागला होता. धुराडं सुरू झालं त्या सकाळी कवडसा दिसेना. ऊन खाली पडलेलं, पण खांब गायब. मला चुकल्यासारखं झालं. आईचा खोकला गेला असं मी म्हणणार नाही, जुनं दुखणं आहे. पण सकाळची ती जीव काढणारी ढास थांबली.

साहेब आलेच नाहीत. येण्यासारखं काही उरलं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी निरोप आला, की इथलं काम थांबवा, यंत्र नार्नूरकडे डोंगरात न्या. तिथे जंगल आहे, वरचीला तिथली जमीन कशी दिसते ते ताडायचं. सरांनी एका ऑटोत आपला संसार भरला. यंत्र मांडीवर घेतलं. आईने फडक्यात भाकरी बांधून दिल्या. निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "ताई, आज कसं?" आणि आई नेहमीसारखंच म्हणाली, "अभाळासारखं." ऑटो वळेपर्यंत ते मान बाहेर काढून वरच बघत होते.

त्यानंतरच्या दसऱ्याला मी काटा धुऊन पुसून ठेवला, आई ताट घेऊन आली. काटा झाला, सुरी झाली, मशीन झाली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने धुराड्याला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात सरांचा फोन. सोनं घ्या म्हणाले, माझ्याशी बोलले, नार्नूरच्या थंडीचं बोलले. मी आवाज वाढवून फोन आईच्या कानाला लावला.

"सर," आई म्हणाली, "तिथल्या बायाईले सांगून ठेवा. दसऱ्याले यंत्राची पूजा करायची असन तर पायाची करा म्हणा. डोळ्याले बोट नका लावू."

मी जागच्या जागी उभा राहिलो.  फोनवर वारा घोंघावत होता, डोंगरावरचा. मग सरांचा आवाज आला, अगदी बारीक. "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दुकान झाडाले गेली ना मी. बोळा दिसला पिवळा."  "कापूस घरचा, हळद घरची. मले नाई ओळखू येणार का? तुमी बोलले नाई, तं मीबी नाई बोलले. तुमचं मन राह्यलं पायजे ना."

 मला तिथे उभं राहवेना आणि जाववेनाही. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, तिच्या बोटांना हळद होती.

मग तीच म्हणाली, "काऊन, आज नाई विचारत?"

"काय, ताई?"

"अभाळ."

सर हसले असावेत. "सांगा. आज कसं आहे?"

आई फोन कानाला धरून दारात गेली. हात कपाळावर आडवा धरून तिने वर पाहिलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला एवढा वेळ वर बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"याच्या बाबाचं धोतर दुसऱ्या पाण्यात काढून निळीत बुडवायची ना मी," ती म्हणाली, "अन् पिळायच्या आंधी, हातात धरलं की पाणी गळत राहे त्याचं. तसं हाये सर. तसंच हाये आज."